आघात आणि अनुरणन

संगीताच्या प्रारंभिक परीक्षांना बसलेल्या आपल्याकडील मुलामुलींनी नादाची तीन लक्षणे कधी ना कधी पाठ केलेली असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. उच्चनीचतेवरून षड्ज कोणता आणि पंचम कोणता हे कळते, लहानमोठेपणावरून आवाज किती दूर पोचेल हे कळते आणि जातीवरून तो सनईचा की सारंगीचा हे ओळखता येते. शाळकरी वयात मीही हे उत्तर लिहून गुण मिळवले आणि यथाकाल ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी हा धडा मला पुन्हा गिरवावा लागला. महाराष्ट्रापासून दूर, ज्या सरकारी वसाहतीत आम्ही राहतो, तेथे शेजारच्या काकू मराठी मुलांना गाणे शिकवतात. त्यांचा मिरजेचा तंबोरा बदलीच्या सामानातून येताना भोपळ्याला तडा जाऊन निकामी झाला. तो दुरुस्त करणारा कारागीर या गावात नाही. तेव्हा मिरजेला जाणे होईपर्यंत काकूंसाठी संगणकावरच एक तंबोरा आपण तयार करावा, असे माझ्या मनाने घेतले. आजचे ब्राउझर नुसती पाने दाखवीत नाहीत. योग्य आज्ञा लिहिल्या तर ते स्वतः ध्वनीही निर्माण करतात. कचेरीतल्या कामामुळे अशा आज्ञा लिहिण्याची मला थोडी सवय होती. काकूंच्या षड्जाची कंपनसंख्या काढली, ती यंत्राला सांगितली आणि मोठ्या उत्साहाने त्यांना ऐकवली.

काकूंनी क्षणभर कान दिला आणि म्हणाल्या, "स्वर बरोबर आहे रे, पण तो कुणाचाच नाही."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझा स्वर एका 'टक्' अशा आवाजाने एकदम पुऱ्या जोराने सुरू होई, गिरणीच्या भोंग्यासारखा एकाच पातळीवर चाले आणि पुन्हा 'टक्' करून तुटे. कंपनसंख्या अचूक होती, आवाज पुरेसा होता. जातीसाठी मी त्यात वरचे उपस्वरही प्रमाणशीर मिसळून पाहिले. भोंगा थोडा सुरेल झाला, एवढेच. परीक्षेच्या उत्तरातली तिन्ही लक्षणे हजर असून स्वर मात्र निनावी राहिला होता. त्यात उणीव होती ती काळाची. कोणताही खरा स्वर कशा रीतीने उठतो, कोठवर चढतो, किती वेगाने उतरतो आणि कसा विरतो, हा त्याच्या लहानमोठेपणाचा सगळा जीवनक्रम माझ्या स्वराला नव्हताच.

या जीवनक्रमाच्या रेषेला इंग्रजीत एन्व्हलप म्हणतात. कचेरीत आपण पत्र ज्या लखोट्यात घालतो, त्याचेच हे नाव. ध्वनीच्या असंख्य सूक्ष्म कंपनांना बाहेरून गुंडाळणारी रेषा, असा त्याचा येथे अर्थ. आपण तिला चढउताररेषा म्हणू. कृत्रिम ध्वनीला ही रेषा देण्याची विद्या माणसाच्या हाती कशी आली, याचा शोध घेताना मला जे आढळले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्याचसाठी हा लेख.

* * *

या इतिहासाचा पहिला दुवा मला अगदी घराजवळ सापडला. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघण राजाच्या काळी, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावला आणि पिता सोढल यादवांच्या सेवेत होता. स्वतः शार्ङ्गदेव राज्याचा श्रीकरणाधिप होता, म्हणजे दप्तर आणि जमाखर्च पाहणारा वरिष्ठ अधिकारी. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती ज्याला प्रमाण मानतात तो ग्रंथ परमुलखात वसलेल्या घराण्यातल्या एका हिशेबनिसाच्या हातून उतरला, ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांनी विसरू नये अशी आहे.

या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात स्वराची व्याख्या आहे. तिचा आशय असा की, श्रुतीच्या लगोलग पाठीमागून जो येतो, जो स्निग्ध आणि अनुरणनात्मक असतो आणि जो दुसऱ्या कशाच्याही साहाय्यावाचून ऐकणाऱ्याचे चित्त रंगवतो, तो स्वर. अनुरणन म्हणजे मागून येणारी घुमणी. तारेवर बोट पडताक्षणी जे प्रथम कानी येते ते निराळे आणि त्यानंतर जे रेंगाळत राहते ते निराळे, असा भेद या व्याख्येत गृहीत आहे. स्वर म्हणजे एका क्षणाचे माप नसून आधी आणि नंतर असलेली एक घटना आहे, हे शार्ङ्गदेवाने व्याख्येतच नोंदवले. त्याने त्याचे मोजमाप केले नाही, आणि त्याच्या काळी ते शक्यही नव्हते.

मोजमापाची वेळ आली ती सहाशे वर्षांनी जर्मनीत. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. स्वराची जाती ही त्यातील उपस्वरांच्या कमीअधिक बळावर ठरते, हा त्याचा सिद्धान्त. तो पटवून देण्यासाठी त्याने विद्युच्चुंबकांनी सतत कंप पावणारे नादकाटे एका रांगेत मांडले, प्रत्येकापुढे पोकळ अनुनादक ठेवला आणि त्यांची तोंडे कमीअधिक उघडून निरनिराळ्या स्वरवर्णांचे उच्चार यंत्राकडून काढून घेतले. कृत्रिम ध्वनिनिर्मितीचा हा एक आद्य प्रयोग होय.

हेल्महोल्ट्झचा कान चुकला नव्हता. वाद्याची ओळख त्याच्या स्वराच्या उठण्यावर आणि संपण्यावरही अवलंबून असते, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे. तथापि गणिताच्या सोयीसाठी त्याने या दोन्ही गोष्टी बाजूस सारल्या आणि स्वराचा मधला, स्थिर भाग तेवढा विचारात घेतला. शास्त्रात अशी मर्यादा घालून घेणे गैर नाही. गैर एवढेच झाले की, पुढल्या पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांनी सिद्धान्त ठेवला आणि मर्यादा गाळली. आपल्या परीक्षेतल्या उत्तरात 'जाती' म्हणजे उपस्वरांचे मिश्रण असे जे येते, त्यामागे हीच वाटचाल आहे.

गाळलेला भाग किती मोलाचा होता, हे विसाव्या शतकात कळू लागले. कार्ल श्टुम्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञाने वाद्यांच्या स्वरांचा आरंभ ऐकणाऱ्यापासून लपवून नुसता मधला भाग ऐकवण्याचे प्रयोग केले आणि १९२६ साली ते प्रसिद्ध केले. रोजच्या परिचयाची वाद्ये ओळखतानाही जाणकार गोंधळून गेले. उपस्वर जागच्या जागी होते. दिसेनासा झाला होता तो फक्त प्रवेश.

याच गोष्टीचा साक्षात्कार पॅरिसमध्ये पियेर शेफेर याला १९४८ साली अधिक नाट्यमय रीतीने झाला. हा फ्रेंच नभोवाणीतला अभियंता, म्हणजे तोही सरकारी नोकरच. त्या वर्षी तो निरनिराळे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून त्यांची रचना करण्याच्या खटपटीत होता. घंटेचा आवाज मुद्रित करताना त्याने टोल पडण्याच्या क्षणी मुद्रण बंद ठेवले आणि आघात होऊन गेल्यावर उरलेली घुमणी तेवढी घेतली. पुढे विरत जाणारा आवाज यंत्राची कळ फिरवून त्याने एका पातळीवर राखला. ऐकतो तो घंटा नाहीशी झालेली! तिच्या जागी ओबोसारखे वाद्य वाजत होते. म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले, फुंकून वाजवायचे वाद्य. धातूचा एक थेंबही न बदलता, केवळ चढउतार पालटल्याने काशाची घंटा लाकडी नळी झाली होती. त्याच वर्षीच्या ५ ऑक्टोबरला त्याच्या ध्वनिरचना फ्रेंच नभोवाणीवरून प्रक्षेपित झाल्या आणि मुद्रित ध्वनींच्या संगीताचा पाया घातला गेला.

* * *

शेफेरने खऱ्या आवाजाची रेषा कापली. विजेवर नव्याने घडवलेल्या आवाजाला रेषा द्यायची, हा याच्या उलट प्रश्न. त्याची अडचण वाद्ये तयार करणाऱ्यांना आधीच भेटली होती. १९३५ साली अमेरिकेत हॅमंडचा विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आला. त्यात चाके सारखी फिरत असत आणि पट्टी दाबली की विजेचा संपर्क जुळून स्वर बाहेर पडे. संपर्क एकदम जुळे, म्हणून आरंभी 'टक्' असा आवाज होई. माझ्या ब्राउझरमधल्या स्वराचा दोष तो हाच. शांत असलेली पातळी निमिषार्धात वर उडाली की त्या उडीत सर्वच कंपनसंख्यांचा थोडा थोडा अंश मिसळतो आणि कानाला तो ठोक्यासारखा लागतो. अभियंत्यांनी त्याला दोष मानले. पुढे जाझ वाजवणाऱ्यांना तोच आवाज इतका आवडला की तो त्या वाद्याचा अलंकार ठरला. स्वराच्या पहिल्या क्षणाला कान किती महत्त्व देतो, याची ही आणखी एक साक्ष.

याच कारखान्याने १९३९ साली नोव्हाकॉर्ड नावाचे वाद्य काढले. त्यात १६३ निर्वात नळ्या होत्या आणि स्वर तडक उठावा की हळू, लगेच मिटावा की रेंगाळावा, हे एका कळीने निवडता येई. पुढे १९५० नंतरच्या दशकात आर.सी.ए. कंपनीचे हॅरी ओल्सन आणि हर्बर्ट बेलार यांनी खोलीभर आकाराचे ध्वनियंत्र बनवले. त्याची दुसरी आवृत्ती १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये बसवण्यात आली. छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते आज्ञा घेई आणि त्या पट्टीवर कंपनसंख्या, जाती आणि आवाजाची पातळी यांच्याबरोबरीने चढउताररेषेसाठी स्वतंत्र रकाना होता. परीक्षेच्या उत्तरात ज्याला जागा नव्हती त्याला यंत्राच्या तक्त्यात जागा मिळाली.

त्याच १९५७ साली बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज याने संगणकाकडून प्रथमच आपल्या आज्ञावलीने संगीत वाजवून घेतले. रचना १७ सेकंदांची होती. त्या पहिल्या आज्ञावलीत स्वराची उंची, जोर आणि लांबी ठरवता येई. उठाव आणि उतार मात्र देता येत नसत. म्हणजे संगणकाचा आरंभही माझ्याप्रमाणे भोंग्यापासूनच झाला, हे वाचून मला जरा धीर आला.

या सर्वांना मागे टाकून जी तोड जगभर रूढ झाली ती निघाली एका लहान गावात. न्यूयॉर्क राज्यातील ट्रूमन्सबर्ग येथे रॉबर्ट मोग हा तरुण अभियंता विद्युत्-ध्वनियंत्रे जुळवीत असे. १९६४ च्या उन्हाळ्यात हर्बर्ट डॉइच हा संगीतकार त्याच्याकडे आला. यंत्राचा आवाज सारखा वाहतच राहतो, त्याला वाद्यासारखा आरंभ आणि शेवट हवा, अशी डॉइचची मागणी होती. डॉइचने पुढे सांगितलेली आठवण अशी की, मोगने त्याला समोरच्या दुकानातून दारावरच्या घंटीचे बटण आणायला पाठवले. ते बटण दाबले की विद्युत्-संधारकात, म्हणजे कपॅसिटरमध्ये, दाब भरत जाई आणि सोडले की हळूहळू ओसरे. त्या चढत्या-ओसरत्या दाबाने आवाजाची पातळी चालवायची, एवढीच युक्ती. भोक पडलेल्या घागरीतले पाणी जसे आधी जोराने आणि मग धिमेपणाने गळते, तसाच संधारक रिता होतो. आणि छेडलेली तारही साधारण त्याच चालीने विझते. निसर्गाची चाल पाच-दहा पैशांच्या वस्तूत सापडावी, हे त्या युक्तीचे भाग्य.

पुढल्या वर्षी, १९६५ साली, व्लादिमिर उसाचेव्स्की याने या युक्तीला नियमाचे रूप दिले. मांचुरियात रशियन कुटुंबात जन्मलेला हा संगीतकार न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या संयुक्त ध्वनिकेंद्राचा प्रमुख होता. मोगकडून यंत्र मागवताना त्याने चार गोष्टी स्वतंत्रपणे ठरवता याव्यात असे लिहून कळवले: स्वर शिखरावर पोचण्यास लागणारा वेळ, तेथून थोडे खाली येण्याचा वेळ, पट्टी दाबून ठेवली असता राखायची पातळी आणि पट्टी सोडल्यावर विरण्याचा वेळ. मराठीत आपण त्यांना उठाव, उतार, टिकाव आणि विराम म्हणू. पुढे ए.आर.पी. या कंपनीने त्यांना इंग्रजी आद्याक्षरांचे सुटसुटीत नाव दिले आणि त्यानंतरच्या बहुतेक कृत्रिम वाद्यांवर याच चार कळा बसल्या.

हे मोगयंत्र आपल्या देशातही फार लवकर आले, याची फारशी वाच्यता होत नाही. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर याने ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत उभे करून दिले. या खटपटीत गीता साराभाई यांचा मोठा वाटा होता. यांनीच १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा आणि स्वतः गीताबाई यांनी त्या यंत्रावर रचना केल्या. काही वर्षांतच ते काम थांबले. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून राहिल्या आणि अलीकडच्या काळात पॉल पर्गस या इंग्लंडमधील कलावंताने त्या उजेडात आणल्या. उठाव-उतारांच्या कळा भारतीय कानांनी फिरवल्या होत्या, परंतु ती परंपरा पुढे चालली नाही, ही चुटपुट लावणारी गोष्ट आहे.

* * *

चार कळांची रीत सोयीची होती यात शंका नाही. पण ती कचेरीतल्या छापील नमुन्यासारखी होती. दहांतल्या आठ अर्जदारांचे काम त्या नमुन्यात भागते. उरलेल्या दोघांची हकीकत त्याच्या रकान्यांत मावत नाही, आणि मग नमुना बदलण्याऐवजी हकीकतच कापली जाते.

ही उणीव ध्यानात येण्यास ट्रंपेट कारण झाले. फ्रान्सचा झाँ-क्लोद रिसे हा बेल प्रयोगशाळेत १९६४ पासून काम करीत होता. संगणकावर ट्रंपेट हुबेहूब का उतरत नाही, याचा त्याने खऱ्या स्वराची चिरफाड करून शोध घेतला. त्याला आढळले की, स्वरातल्या प्रत्येक उपस्वराची चढउताररेषा निराळी आहे. खालचे उपस्वर आधी उठतात, वरचे मागून येतात, आणि आवाज जसा मोठा होतो तसे वरच्यांचे प्रमाण वाढून स्वर झळाळू लागतो. म्हणजे सर्व उपस्वरांना एकाच लखोट्यात घालून भागत नाही. प्रत्येकाला आपापला लखोटा हवा. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग याला १९६७ साली सापडलेल्या कंपनसंख्या-मिश्रणाच्या नव्या पद्धतीने हे काम थोडक्या साधनांत साधले. १९७३ साली त्याने ती पद्धत प्रसिद्ध केली आणि १९८३ साली यामाहा कंपनीचे डी.एक्स. सात हे वाद्य तिच्यावर आधारून निघाले. त्यात प्रत्येक स्वरामागे सहा लहरीकारक होते आणि प्रत्येकाला चार वेग आणि चार पातळ्यांची स्वतंत्र रेषा होती.

जे साधन तोवर प्रयोगशाळांच्या किंवा महागड्या वाद्यांच्या पोटात होते, ते आता कोणत्याही घरच्या संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. गूगलमधील ख्रिस रॉजर्स याने पुढाकार घेऊन रचलेल्या वेब ऑडिओ या प्रणालीचा पहिला जाहीर मसुदा डिसेंबर २०११ मध्ये निघाला आणि १७ जून २०२१ रोजी जागतिक वेबसंघाने तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. या प्रणालीत लहरी निर्माण करणारा एक घटक असतो आणि पातळी कमीजास्त करणारा दुसरा, ज्याला गेन म्हणतात. या गेनला पुढच्या कोणत्या क्षणी कोणती पातळी असावी, हे आगाऊ लिहून द्यायचे. ध्वनीचे घड्याळ ब्राउझरच्या इतर कामांपासून वेगळे आणि फार सूक्ष्म असल्याने 'आता कर' असे दरवेळी सांगण्यापेक्षा 'अमुक वेळी कर' असा हुकूम आधी पाठवून ठेवणे बरे. बदलीचा हुकूम हाती असणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

रेषा ओढण्याचे प्रकार थोडे आहेत. पहिला सरळ चढ किंवा सरळ उतार. दुसरा प्रमाणाने बदलणारा, म्हणजे सारख्या वेळात सारख्या पटीने वाढणारा अगर घटणारा. आपला कान आवाजाची तुलना पटींनी करतो, म्हणून विरण्यासाठी हाच प्रकार नैसर्गिक वाटतो. त्याची एक अट मात्र मजेची आहे: त्याला शून्यावर जाता येत नाही. कशाचीही कितीही वेळा निमपट केली तरी शून्य होत नाही, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे अगदी बारीक अशा एखाद्या आकड्यापर्यंत उतरवून मग स्वर थांबवावा लागतो. तिसरा प्रकार घागरीच्या गळतीचा, मोगच्या संधारकाचा. ठरवलेल्या कालमानात उरलेल्या अंतरापैकी सुमारे ६३ टक्के वाट तुटते, पुढल्या तेवढ्याच काळात उरलेल्याच्या ६३ टक्के, आणि मुक्काम नेमका कधीच गाठला जात नाही. चौथ्या प्रकारात आपणच आकड्यांची माळ द्यायची आणि यंत्राने ते बिंदू जोडत जायचे.

आरंभी शून्यापासून शिखरापर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाचा एवढासा चढ मी दिला आणि माझ्या स्वरातले 'टक्' नाहीसे झाले. पुढे गळतीचा उतार दिला तेव्हा भोंगा जाऊन तार आली. तरीही तो तंबोरा नव्हता. उठाव, उतार, टिकाव, विराम या चार रकान्यांत मी नाना आकडे भरून पाहिले. सतारीच्या जवळपास काही येई, मँडोलिनच्या जवळपास काही येई, तंबोरा येईना.

* * *

याचे उत्तर पुन्हा एका हिशेबनिसापाशी मिळाले. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९०७ साली हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यात नोकरीस लागले आणि कलकत्त्याला रुजू झाले. मध्ये रंगून आणि नागपूर येथेही त्यांची बदली झाली होती. कचेरी सुटल्यावर आणि कचेरी भरण्यापूर्वी ते कलकत्त्याच्या विज्ञानसंवर्धक संस्थेत जाऊन तारांच्या कंपनावर प्रयोग करीत. दहा वर्षे असे काढून १९१७ साली त्यांनी नोकरी सोडली आणि कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. १९२१ साली त्यांनी वीणा आणि तंबोरा यांच्यावर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला.

पाश्चात्त्य शास्त्राचा नियम असा की, तार ज्या बिंदूवर छेडली तो बिंदू ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर त्या ध्वनीत उमटत नाही. रामन यांनी दाखवले की तंबोऱ्यात तो उमटतो, आणि चांगला ठसठशीत उमटतो. कारण तंबोऱ्याची तार एका धारेवर टेकलेली नसून किंचित उताराच्या रुंद घोडीवर लोळत असते आणि तिच्याखाली जवारीचा दोरा सरकवलेला असतो. दर कंपनात तार घोडीच्या पृष्ठाला स्पर्श करते आणि तिचे बळ वरच्या उपस्वरांत वाटले जाते. त्यामुळे छेडल्याबरोबर जे ऐकू येते ते कमी तेजाचे असते. झळाळी मागून येते. मूळ स्वर विझू लागला असता वरचे उपस्वर एकामागून एक उमलतात, आणि ते ओसरण्यापूर्वी पुढली तार छेडलेली असते. उठावात शिखर आणि मग उतरण, हा छापील नमुना येथे लागूच पडत नाही. या वाद्याचे वैभव आघातानंतर येते. शार्ङ्गदेवाने स्वराला अनुरणनात्मक म्हटले त्याचे जिवंत उदाहरण तंबोऱ्याहून चांगले मला ठाऊक नाही.

मग मी चार रकाने बाजूस ठेवले. प्रत्येक तारेसाठी वीस उपस्वर घेतले, प्रत्येकाला त्याचा गेन दिला आणि प्रत्येकाची रेषा स्वतंत्र आखली: खालच्यांना लवकर चढ, वरच्यांना क्रमाने उशिरा आणि हलके चढ, मग सर्वांना आपापल्या चालीचा उतार. वेब ऑडिओच्या मांडणीत उसाचेव्स्कीच्या चार कळांचा तयार घटक नाही. ज्याला त्या हव्यात त्याने त्या स्वतः लिहून घ्याव्यात. आरंभी ती मला गैरसोय वाटली होती. आता ती मोकळीक वाटली. नमुना छापलेला नसला की हकीकत जशीच्या तशी लिहिता येते.

यावर कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? बाजारात विजेचे तंबोरे मिळतात, मोबाइलवरही मिळतात, आणि मुले त्यांवर सुरेल गातात. हे खरे आहे, आणि परमुलखात त्या पेट्यांनी कितीतरी घरांतला षड्ज जागता ठेवला, हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण मूल ज्या स्वरात स्वर मिळवायला शिकते, त्याचा स्वभाव त्याच्या कानात उतरतो. दर तारेला नुसते उठून विझताना ऐकलेल्या मुलाला स्वर म्हणजे एक ठोका वाटेल. तार छेडल्यावर थांबायचे असते, उमलण्याची वाट पाहायची असते, हे त्याला कोण सांगणार? आपली मुले मराठी मुलखापासून दूर वाढतात. भाषा त्यांच्या कानावर घरापुरतीच पडते. निदान तंबोरा त्यांच्या कानावर पडेल तो कापलेला नसावा, असे मला वाटते.

मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अमुक गावच्या हातांनी अमुक तऱ्हेने घडवलेली वस्तू, अशी ही सरकारी नोंद. त्या हातांनी घोडीवर कानस फिरवून जी जवारी खोललेली असते, ती आकड्यांच्या माळेत पुरती उतरेल असा माझा दावा नाही. वीस उपस्वर आणि वीस रेषा म्हणजे त्या कारागिराच्या कामाची एक ओबडधोबड नक्कल, इतकेच.

ती नक्कल परवा काकूंना ऐकवली. या वेळी त्यांनी जरा जास्त वेळ ऐकले. डोळे मिटून एकदा षड्ज लावून पाहिला, मग पंचमाची तार थोडी उतरवायला सांगितली. शेवटी म्हणाल्या, "आता तो कुणाचातरी आहे. पण माझा मिरजेलाच नीट होईल. दिवाळीच्या रजेत जाल ना, तेव्हा भोपळा गाडीत मांडीवर घेऊन जा, सामानात टाकू नका."